बदकरावांच्या तोंडी

ती हाडांच्या दवाखान्यात प्लास्टर रूममध्ये होती. मोडलेल्या हातापायांना प्लास्टर घालायचं आणि मुदत भरली की कापून काढायचं, हे तिचं काम. घालताना माणसं दुखतं म्हणून ओरडत आणि काढताना भीतीने. कापायचं यंत्र करवतीसारखं दिसे, आवाज तर त्याहून वाईट. ते नुसतं थरथरतं, कातडीला काही करत नाही, हे ती स्वतःच्या तळहातावर टेकवून दाखवायची. तरी मोठमोठे बाप्ये डोळे मिटून घ्यायचे. मग ती बोलत सुटायची. "डोळे मिटून काय उपयोग? यंत्राला दिसतंय ना," असं काहीतरी म्हणायची, समोरचा फस्सकन हसायचा, आणि तेवढ्यात प्लास्टर दोन्हीकडून उकललेलं असायचं.

तीच जीभ ती घरी घेऊन जायची. घरात नवरा आणि सासूबाई. नवरा घरूनच काम करायचा. कपाटं, पंखे, मिक्सर यांच्या खोक्यात घडी घातलेलं जे पत्रक येतं, त्यातली चित्रं तो काढायचा. हा स्क्रू इथे, तो बाण तिकडे. त्या बाणांचा त्याला इतका वीट आला होता की त्याने फोनवर वाचायची एक चित्रकथा सुरू केली, नाव ठेवलं 'एकटा'. आठवड्याला एक भाग. सुरुवातीचे भाग त्याने तिला दाखवले होते. एका खोलीत मोठ्या नाकाचा एक लेखक बल्बकडे बघत बसलेला.

"हा तू?" तिने विचारलं होतं.

"मीच. लिहिणाराच गोष्टीतलं पात्र आहे."

"मग त्याला काहीतरी करू दे. नुसता काय बसवलायस?"

एवढं बोलून ती कपडे वाळत घालायला गेली होती. त्यानंतर त्याने दाखवलं नाही आणि तिनेही मागितलं नाही. दिवसभर लोकांचे पाय उचलून धरल्यावर संध्याकाळी फोनमध्ये डोकं घालायचं तिच्या जिवावर यायचं.

शेजारच्या व्यायामाच्या खोलीत एक तरुण फिजिओ होती. प्लास्टर निघालेली माणसं तिच्याकडे जात. चहाच्या वेळी दोघी प्लास्टर रूमच्या खिडकीत बसत. एक दिवस फिजिओ फोनमध्ये बघून एकटीच खिदळायला लागली.

"ताई, हे ऐका. लेखकाचा चष्मा हरवलाय, तो घरभर हुडकतोय. आणि बदकराव म्हणतात, 'तू हरवलास तरी मला आधी चष्माच सापडेल.'"

ती हसली नाही. हे वाक्य तिने गेल्याच आठवड्यात ऐकलं होतं. म्हणजे स्वतःच्याच तोंडून.

"बदकराव कोण?"

"अहो, तुम्ही 'एकटा' वाचत नाही? एक लेखक आहे, एकटाच राहतो बिचारा. त्याच्याकडे एक बदक आहे. ते इतकं तिरकं बोलतं ना! लेखक म्हणतो, मी विचार करतोय. तर बदकराव म्हणतात, 'कर, पण पाय वर घेऊन कर, मला झाडायचंय.'"

तिचा कप ओठांपाशीच राहिला.

"हे मी म्हणते," ती म्हणाली.

"तेच तर! अगदी आपल्या घरातलं वाटतं," फिजिओ म्हणाली आणि पुढचा भाग काढला.

त्या दिवशी सुटल्यावर ती थेट घरी गेली नाही. फाटकाबाहेरच्या बसथांब्यावर बसली, चष्मा नाकावर चढवला आणि पहिल्या भागापासून वाचायला लागली. एक बस गेली, दुसरी गेली.

खोली त्यांचीच होती. खिडकीची तुटकी कडी सुतळीने बांधलेली, टेबलाच्या डगमगणाऱ्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी, भिंतीवर ओलीचा डाग, सगळं जिथल्या तिथे. बाण काढून काढून तयार झालेला हात तो, चुकेल कसा? फक्त पलंगावर उशी एकच होती. दारामागच्या खुंट्यांवर त्याच्याच पिशव्या. न्हाणीघरातल्या पेल्यात एकच ब्रश. तिचं जे जे होतं ते इतक्या सफाईने काढून टाकलेलं की जागा मोकळीसुद्धा दिसत नव्हती. आणि टेबलाखाली, खुर्चीच्या पाठीवर, ओट्यावर, जिकडे बघावं तिकडे ते बदक. त्याच्या गळ्यात दोरीला लटकवलेला चष्मा. तिने नकळत आपल्या गळ्यातली दोरी चाचपली.

खोटं कशाला, दोन-चार ठिकाणी तिला हसूही फुटलं. स्वतःचीच वाक्यं, पण बदक ती बरोबर वेळ साधून बोलत होतं. काही तर ती साफ विसरून गेली होती.

मग तो भाग आला. त्यात विनोद नव्हता. टेबलावर फोन वाजतोय आणि बदक त्याच्याकडे टक लावून बसलंय. "उचल ना," लेखक म्हणतो. बदक म्हणतं, "फोन वाजला की अजून वाटतं, बाबाच असतील. उचलला की ते नसतात. म्हणून मी जरा वेळ वाजू देतो."

तिचे वडील गेले त्यानंतरच्या दिवसांत ती हे बोलली होती. ओट्याला टेकून, हातात ओलं फडकं घेऊन. त्याने तिला जवळ घेतलं होतं. ते तिला चांगलं आठवत होतं. त्यानंतर तो टेबलाकडे गेला होता का, ते मात्र काही केल्या आठवेना. 'देते'चं त्याने 'देतो' केलं होतं. त्या वाक्याला त्याचा हात लागला असेल तर तेवढाच.

खाली वाचकांची रांग लागली होती. 'बदकरावांना मिठी.' 'रडवलंस मित्रा.' 'हा लेखक किती हळवा असेल.' कुणीतरी ते वाक्य सुरेख अक्षरात लिहून खाली नाव टाकलं होतं: बदकराव.

घरी पोचली तेव्हा नवरा टेबलाशी होता आणि सासूबाई पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होत्या. तिने चपलाही काढल्या नाहीत.

"मी बदक आहे?"

त्याने मान वर केली आणि त्याचा चेहरा पडला. "वाचलंस?"

"सगळं. मी बदक आहे?"

"तू बदक नाहीस गं. बदकराव म्हणजे तुझ्यातलं जे…"

"माझ्यातलं काय? चालणं?"

"अगं, सगळ्यात भारी पात्र तुला दिलंय! मला बघ, नाकाड्या, बावळट. लोक मला हसतात आणि तुझ्यावर जीव टाकतात."

"माझ्यावर नाही. बदकावर."

सासूबाईंची घडी अर्धीच राहिली. "कोण बदक?"

"मी, आई. याच्या गोष्टीत मी बदक आहे."

"अगं बाई. आणि मी?"

नवरा खिडकीबाहेर बघायला लागला. शेवटी तिनेच सांगितलं, "तुम्ही फ्रीज आहात. मधूनमधून घरघरता आणि त्याला 'जेवलास का' विचारता."

सासूबाईंनी थोडा विचार केला. "चालू आहे ना? मग झालं," म्हणाल्या आणि पुढचा टॉवेल ओढला.

एरवी ती खो खो हसली असती. पण तिचं लक्ष नवऱ्याकडे गेलं. त्याचा हात हळूच पेन्सिलीकडे सरकत होता.

"खबरदार!" ती ओरडली.

त्याने हात मागे घेतला. मग काकुळतीला येऊन समजावायला लागला. आधी त्याने बायकोच काढली होती. पण बायको काढली की ते नवरा-बायकोचे शिळे विनोद होतात, केरसुणी उगारलेली बाई आणि पलंगाखाली दडलेला नवरा. तसलं त्याला नको होतं. त्याने तिला बदक केलं, आणि एकदम लोक ऐकायला लागले.

"आणि तू एकटा कधीपासून झालास?"

"तो मी म्हणजे मी नव्हे. तो लेखक आहे."

"नाक तुझं, खोली तुझी, आई तुझी फ्रीजमध्ये. फक्त बायको तुझी नाही."

तो टेबलावरचा खोडरबराचा भुगा हाताने गोळा करायला लागला.

"आणि फोनचं?" तिने विचारलं. आता तिचा आवाज खाली आला होता. "ते कशाला घेतलंस?"

"ते फार चांगलं होतं गं," तो टेबलाकडे बघत म्हणाला. "वाया गेलं असतं."

"ते मी तुला सांगितलं होतं. तुला सांगितलं म्हणजे वाया गेलं?"

तिने चपला काढल्या, हातपाय धुतले आणि बाहेर येऊन एकच गोष्ट सांगितली. त्या घरात तिला माणूस म्हणून काढायचं, बायको म्हणून. त्याने नाराजीने का होईना मान डोलावली.

पुढच्या भागात लेखकाच्या घराची बेल वाजली आणि एक बाई आत आली. केस नीट विंचरलेले, चष्मा नाही, हातात काही नाही. लेखक म्हणतो, "ही माझी बायको." बायको म्हणते, "चहा ठेवू का?" नंतर म्हणते, "आज काय करू जेवायला?" आणि मग सगळा वेळ दाराशी उभी राहते.

"ताई, कोण ही बया उपटली मध्येच?" फिजिओ चहाच्या वेळी तणतणत होती. "लोक इतके भडकलेत! हिला हाकला म्हणतायत."

तिने घरी जाऊन फोन नवऱ्याच्या नाकासमोर धरला. "चहा ठेवू का? मी कधी विचारलं तुला हे? या घरात चहा तू ठेवतोस!"

"मग तिला काय बोलायला लावू?" तोही चिडला. "तुझी सगळी चांगली वाक्यं बदकाची झालीयेत. ती तिला दिली तर लोक म्हणतील चोरली."

"नवी दे."

"कुठून आणू?"

ती चकित होऊन त्याच्याकडे बघत राहिली. त्याने हे अगदी भाबडेपणाने विचारलं होतं. शेवटी तिनेच तिथल्या तिथे एक वाक्य दिलं, नुसतं हे भांडण मिटावं म्हणून. "तू खिडकीकडे बघत बसतोस, पण सुचत असेल तर ते खिडकीलाच." त्याने ते बायकोच्या तोंडी घातलं.

तो भाग आल्यावर दोन दिवसांनी फिजिओ म्हणाली, "ताई, हद्द झाली. ती बाई आता बदकरावांसारखं बोलायला बघते. नक्कल ती नक्कलच शेवटी."

तिने कप खाली ठेवला. "ऐक. ते बदक मी आहे."

फिजिओ थबकली. मग तिचे डोळे भरून आले आणि तिने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "ताई, आपण सगळ्याच थोड्या थोड्या बदकराव आहोत."

यावर काय बोलणार? आपण खरं सांगितलं तर समोरचीला ते सुविचार वाटतं, याचा राग नेमका कुणावर काढायचा ते तिला कळेना. दुपारी एका धिप्पाड ट्रक ड्रायव्हरच्या पायाचं प्लास्टर काढताना ती एक अक्षर बोलली नाही. तो बापडा टेबलाची कड घट्ट धरून शेवटपर्यंत थरथरत होता.

वाचकांपुढे नवऱ्याने हात टेकले. पुढच्या भागात त्याने बायकोला गावाला पाठवून दिलं. 'सुटलो!' लोकांनी लिहिलं. 'बदकराव परत आले!'

तेव्हापासून तिने घरी बोलणंच सोडलं. त्याला धडा शिकवायचा म्हणून नव्हे. तोंडातून काही निघायच्या आधी आता ते तिला चौकटीत दिसायला लागायचं, वरच्या कोपऱ्यात फुगा आणि खाली चोच. मग ती शब्द गिळून टाकायची. हो, नाही, आण, ठेव, एवढ्यावर घर चालायला लागलं. तिला स्वतःलाच ते जड जात होतं. भाजी चिरताना, पंखा पुसताना जिभेवर काहीतरी येई आणि तिथेच विरघळून जाई.

"या घरात आता खरोखर फ्रीजच तेवढा बोलतो," सासूबाई एकदा म्हणाल्या. ती ओठ चावून हसू दाबत दुसऱ्या खोलीत गेली.

तिकडे बदकराव बिघडले. 'आयुष्य म्हणजे तळं आहे,' असं काहीतरी ते बोलायला लागले. वाचकांना चुकल्याचुकल्यासारखं वाटायला लागलं. नवरा रात्रंदिवस टेबलाशी बसून खोडरबराचा भुगा करायचा.

एकदा जेवताना त्याच्याने राहवेना. "अगं, काहीतरी बोल ना."

"मीठ दे," ती म्हणाली.

त्या आठवड्याचा भाग असा होता. लेखक आणि बदक समोरासमोर जेवायला बसलेत. चार चौकटी कुणी काही बोलत नाही. पाचवीत बदक म्हणतं, "मीठ दे." बस्स. आजवरच्या कुठल्याही भागाला मिळाली नव्हती एवढी दाद त्याला मिळाली. 'केवढं खोल!' 'ही शांतता ऐका.' फिजिओने तर तो भाग छापून व्यायामाच्या खोलीत भिंतीवर चिकटवला. म्हणजे बोलावं तरी हा उचलणार आणि गप्प बसावं तरी उचलणार. तिने त्या कागदाकडे पाहिलं आणि तिच्या मस्तकात तिडीक गेली. पण फाडायचा तरी कशाच्या जोरावर?

मग वाचकांचा मेळावा ठरला. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर सभागृह होतं, तिथे रविवारी दुपारी लेखक वाचकांना भेटणार होता. नवऱ्याने घरी हे सांगताना तीनदा घसा खाकरला.

"तू आलीस तर… म्हणजे ये की. फक्त लोकांना वाटतं मी…"

"एकटा आहेस. कळलं."

"तसं नाही गं."

"तसंच आहे."

त्याने सदरा इस्त्रीला आईकडे दिला. फिजिओने इकडे तिला गळच घातली. "ताई, चला ना माझ्याबरोबर. एकदा बघाल तर तुम्हीही प्रेमात पडाल." ती हो म्हणाली. का म्हणाली ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. घरात बसून सासूबाईंबरोबर घड्याळ बघण्यापेक्षा ते बरं, एवढंच.

सभागृह भरलं होतं. प्लास्टिकच्या खुर्च्या, किरकिरणारा माइक, कुणाच्या सदऱ्यावर बदक, कुणाच्या पिशवीवर बदक. ती आणि फिजिओ तिसऱ्या रांगेत बसल्या. नवरा मंचावर आला तेव्हा टाळ्यांचा असा काही कडकडाट झाला की तिला त्याच्याबद्दल क्षणभर बरंच वाटलं. इतकी वर्षं पंख्यांचे स्क्रू काढणारा माणूस. त्याची नजर फिरत फिरत तिसऱ्या रांगेवर आली आणि तिथेच अडकली.

प्रश्न सुरू झाले. बदक का, नाक एवढं मोठं का, पेन्सिल कुठली वापरता. तो अडखळत उत्तरं देत होता. मग मागून एक मुलगी उभी राहिली. कॉलेजात जाणारी असेल.

"तो फोनचा भाग आहे ना," ती म्हणाली, "माझी आई गेली तेव्हापासून मी तो वाचते. जवळजवळ रोज. मला एवढंच विचारायचंय, तुमचं कोण गेलं होतं?"

सगळ्या माना मागे वळल्या. तिला मुलीचा राग येईना, आणि राग न आल्याचाच राग यायला लागला. कुणीतरी दुसरीच तिच्या वाक्याला धरून दिवस काढत होती.

नवऱ्याने माइक तोंडाशी नेला, खाली घेतला, पुन्हा नेला.

"माझं कुणी गेलं नव्हतं," तो म्हणाला. "ते वाक्य माझं नाही. माझ्या बायकोचं आहे. तिचे वडील गेले तेव्हा ती मला म्हणाली, आणि मी तिला न विचारता उचललं."

एक क्षण गेला आणि सभागृहात हशा पिकला. एकट्याला बायको!

"गावाहून परत आली का?" मागून कुणीतरी ओरडलं, आणि हशा दुप्पट झाला.

"नाही, खरंच," तो म्हणाला. "अहो, ऐका ना. बदकरावांचं एकूण एक वाक्य तिचं आहे. मला एकही सुचत नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सूत्रसंचालकाने डोळे पुसत दुसरा माइक घेतला आणि म्हणाला, "बघा, असा आहे आपला लेखक! इतका मोठा होऊनही किती नम्र!" नवरा लालबुंद होऊन उभा होता. तोंड उघडत होता, मिटत होता. तो चेहरा तिला ओळखीचा वाटला. चहाच्या वेळी फिजिओसमोर आपला असाच होत असणार.

फक्त ती मुलगी हसत नव्हती. आपली थट्टा झाली असं समजून ती खाली बसली आणि पिशवीत काहीतरी शोधत राहिली.

कार्यक्रम कसाबसा आटोपला. लोक सह्या घ्यायला पुढे सरकले, पण नवरा मंचावरून उतरून सरळ तिसऱ्या रांगेशी आला.

"चल, घरी जाऊ," तो तिला म्हणाला.

फिजिओने त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग तिच्या गळ्यातल्या चष्म्याच्या दोरीकडे. तिचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"थांब जरा," ती नवऱ्याला म्हणाली आणि खुर्च्यांमधून वाट काढत मुलीकडे गेली. मुलगी निघायच्या तयारीत होती.

"तो थट्टा करत नव्हता," ती म्हणाली. "फोन वाजू द्यावा जरा वेळ, त्यात काही चूक नाही. पण शेवटी उचलावा. मी एकदा इतका वेळ वाजू दिला की माझी बहीण रिक्षा करून घरी आली. मी मेले समजून रडत आली होती, आणि मी जिवंत निघाले म्हणून मग मारायलाच उठली."

मुलगी हसायला गेली आणि तिला रडू फुटलं. ती मुलीच्या शेजारी बसून राहिली. पाठीवरून हात फिरवत राहिली, द्यायला तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. नवरा पलीकडे उभा होता. त्याचे दोन्ही हात लोंबत होते आणि त्याने पेन्सिलीसाठी एकदाही खिसा चाचपला नाही, हे तिने बघून ठेवलं.

"तुम्ही कोण?" मुलीने नाक पुसत विचारलं.

"मी बदक," ती म्हणाली. "खरी."

मुलीने तिच्याकडे नीट पाहिलं आणि मान डोलावली. तिला ते पटलं होतं.

घरी दोघं चालतच निघाले. दुकानांपुढच्या गर्दीतून कधी तो पुढे, कधी ती. कोपऱ्यावर रस्ता ओलांडायला थांबले तेव्हा तो म्हणाला, "खरं सांगितलं तरी एकानेही ऐकलं नाही."

"कसं वाटलं?"

"डोकं आपटून घ्यावंसं."

"हं."

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "तो फोनचा भाग काढून टाकू?"

काढून टाक, हेच तर ती इतके दिवस मनात घोळवत होती. "काढून काय होणार आता?" ती शेवटी म्हणाली. "ती पोरगी कुठं जाईल मग?" आणि हे तिचं तिलाच इतकं जाचलं की घर येईपर्यंत ती भरभर त्याच्या पुढेच चालत राहिली.

तो सुधारला, पण सुधारणाही त्याच्या पद्धतीची. आता तिने काही म्हटलं की तो लगेच विचारायचा, "हे घेऊ का?" गॅस पुसताना, "घेऊ का?" चपला शोधताना, "हे घेऊ का?" त्याने तर तिचं डोकं आणखीच उठलं.

"घेऊ नकोस आणि विचारूही नकोस," ती एका संध्याकाळी हातातला डबा ओट्यावर आपटून म्हणाली. "नुसतं ऐक. लोक ऐकतात तसं ऐकता येत नाही का तुला?"

"लोक कसं ऐकतात?" त्याने विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"बाजूला बघत," सासूबाई आतून म्हणाल्या. "आणि मध्येच जांभई देतात."

तो हसला, ती हसली, आणि त्याने पेन्सिल घेतली नाही. काही दिवस त्याला जमे, काही दिवस जमत नसे. जमलं नाही की ती गप्प होई, आणि गप्प झाली की तो समजून जाई. वडिलांविषयी मात्र ती अजून त्याच्याशी बोलली नव्हती. एक-दोनदा बोलावंसं वाटलं, तेव्हा तिने बहिणीला फोन लावला.

चित्रकथेत त्याने बदक काढणं बंद केलं. कुठे गेलं ते सांगितलं नाही. लेखक खोलीत बसलेला, फ्रीज घरघरतोय, बस्स. वाचक हवालदिल झाले, मग रागावले, मग गळायला लागले. त्याने पुन्हा पंख्यांची पत्रकं जोरात घ्यायला सुरुवात केली.

फिजिओ आता तिच्याशी वेगळंच वागत होती. आधी चार दिवस तिने माफी मागितली, मग विनवण्या सुरू केल्या. "ताई, परत या ना. लोक विचारतायत, बदकराव कुठं गेले."

"कामावर गेलेत म्हणून सांग."

फिजिओ इतकी हसली की तिच्या हातातला चहा हिंदकळला. "लिहिते मी हे खाली. तुमच्या नावाने लिहिते हं," ती म्हणाली आणि लिहिलंही. बदकराव म्हणजे आमच्या प्लास्टर रूमच्या ताई आहेत, त्यांनीच सांगितलंय, कामावर आहेत.

दोन मिनिटांत कुणाचंतरी उत्तर आलं. फिजिओने ते वाचलं आणि तिचे गाल तापले. "ताई, हा म्हणतो, बदकरावांच्या नावावर प्रसिद्धी मिळवू नका! अहो, पण मला माहीत आहे ना! मी होते ना तिथे! थांबा, याला दाखवतेच."

ती रागारागाने टाइप करायला लागली. पलीकडच्या माणसाने आणखी काहीतरी लिहिलं, फिजिओने आणखी लांबलचक लिहिलं, चहावर साय धरली. प्लास्टर रूमच्या दारात एक आजोबा मनगट सांभाळत येऊन उभे राहिले होते. तिने आपला कप विसळला, पालथा घातला आणि प्लास्टरच्या पट्ट्या भिजवायच्या बादलीतलं पाणी कोमट आहे का ते बघायला आत गेली.